सिलिकॉनने पीक सावरेल, पण भाजी निर्धोक झाली का हे तपासावेच लागेल

प्रश्न : शहराच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी माझी अडीच एकर भारी जमीन आहे. विहीर संक्रांतीपर्यंत साथ देते. त्यानंतर शहराचे सांडपाणी ज्या ओढ्याला येते, त्यावर मोटार टाकून मी पालक, मेथी व कोथिंबीर भिजवतो आणि ठिबकवर वांगी व टोमॅटो घेतो. दोन वर्षांपासून पालकाची कोवळी पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडत आहेत आणि वांग्याची झाडे उपटून पाहिली तर मुळ्या आखूड व तपकिरी दिसतात. ओढ्यात कारखान्यांचे पाणी मिसळते व त्यातले जड धातू हे नुकसान करतात, असे गावात बोलले जाते. कृषी सेवा केंद्रातून मला द्रवरूप सिलिकॉन घेण्याचा सल्ला मिळाला असून त्यामुळे जड धातूंचा परिणाम राहत नाही, असे सांगण्यात आले. शेजाऱ्यांनी ते वापरले आणि त्यांचा पालक खरोखर हिरवागार झाला. सिलिकॉन वापरावे का, कोणते व किती वापरावे, आणि ते वापरल्यावर भाजी विकायला हरकत नाही ना?
— एक भाजीपाला उत्पादक, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. सिलिकॉन वापरले आणि पीक हिरवे झाले, एवढ्यावरून भाजी खाण्यास निर्धोक झाली असे म्हणता येत नाही. पिकाला धातूचा त्रास होणे आणि पिकात धातू साठणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या पत्रातील सगळा गुंता त्या एकच मानल्यामुळे झाला आहे. पालेभाजीत कॅडमियमची आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी ठरवलेली कमाल मर्यादा ताज्या भाजीच्या दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, तर शिशाची ०.३ मिलिग्रॅम आहे. पालकाचे पान याच्या कितीतरी पट कॅडमियम साठवूनही टवटवीत दिसू शकते, कारण पानाला इजा होण्याची पातळी माणसाला अपाय होण्याच्या पातळीपेक्षा खूप वर असते. शेजाऱ्यांच्या पालकाचा हिरवा रंग पाहून त्यातील कॅडमियम कमी झाले की तेवढेच राहिले, हे कोणालाही सांगता येणार नाही. ते प्रयोगशाळेतच कळते.

याचा अर्थ सिलिकॉन निरुपयोगी आहे असा नाही. धातूंचा ताण सोसण्यासाठी ते पिकांना मदत करते, हे भात, मका, काकडी अशा अनेक पिकांवरील प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. वनस्पती सिलिकॉन घेतात ते मोनोसिलिसिक आम्लाच्या रूपात. वाळू किंवा गारगोटीतील सिलिका (सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे संयुग) त्यांच्या उपयोगाची नसते. मुळांनी घेतलेले हे विद्राव्य सिलिकॉन पेशींच्या भित्तिकेत बसते. तेथे ते धातूचे कण धरून ठेवते, त्यामुळे मुळातून खोडाकडे जाणारा धातू कमी होतो. शिवाय ताणाखाली पेशींमध्ये तयार होणारे घातक ऑक्सिजन संयुगे निवारणारी विकरे (एन्झाइम) अधिक कार्यक्षम राहतात आणि मुळे जास्त दिवस पांढरी व शाबूत राहतात. काकडीमध्ये मँगनीजचा अतिरेक झाला असता सिलिकॉनमुळे पानांवरील तपकिरी ठिपके कमी होतात, हे याचे जुने व चांगले अभ्यासलेले उदाहरण आहे. लक्षात घ्यावे की यात धातू नष्ट होत नाही. तो जमिनीत किंवा मुळात अडकून राहतो आणि पुढच्या पाण्याबरोबर आणखी येतच असतो.

आता ही मदत आपल्या पिकांना कितपत मिळेल, याचा विचार करू. २००६ मध्ये जपानमधील ओकायामा विद्यापीठातील संशोधकांनी भाताच्या मुळांतील सिलिकॉन आत घेणाऱ्या वाहक प्रथिनाचे जनुक शोधून काढले आणि पुढच्याच वर्षी ते सिलिकॉन मुळाच्या आतल्या भागाकडे ढकलणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचा शोध लागला. भात, ऊस, ज्वारी, गहू ही तृणवर्गीय पिके या यंत्रणेच्या बळावर भरपूर सिलिकॉन घेतात. भाजीपाल्यात काकडी, भोपळा यांसारखी वेलवर्गीय पिके मध्यम प्रमाणात घेतात. टोमॅटोमध्ये मात्र दुसरी पायरी नीट काम करत नाही, त्यामुळे सिलिकॉन मुळापर्यंत येते पण वर फारसे चढत नाही. वांगी, मिरची आणि पालक यांचीही सिलिकॉन साठवण्याची क्षमता कमीच आहे. म्हणजे काकडीवर किंवा भातावर मिळालेला निष्कर्ष पालकाला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि आपल्या शेतातील बहुतेक पिके नेमकी कमी सिलिकॉन घेणारी आहेत.

दुसरी मेख जमिनीची आहे आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यासाठी मला ती अधिक महत्त्वाची वाटते. सिलिकेटयुक्त खतांचे जे मोठे परिणाम सांगितले जातात, त्यांपैकी बरेच आम्लधर्मी जमिनीतले आहेत. सिलिकेट अल्कधर्मी असल्यामुळे ते टाकल्यावर अशा जमिनीचा सामू (पीएच) वाढतो आणि कॅडमियम, शिसे, जस्त हे धातू अविद्राव्य होऊन बसतात; यशाचा मोठा वाटा या सामू वाढण्याचा असतो. आपली काळी जमीन बेसाल्टपासून बनलेली, चुनखडीयुक्त आणि मुळातच विम्ल (अल्कधर्मी) आहे. तिचा सामू बहुधा आठच्या आसपास असणार. कॅडमियम व शिसे घट्ट धरून ठेवण्याचे काम ही जमीन चिकणमातीच्या व चुन्याच्या जोरावर आधीच करत आहे, त्यामुळे सिलिकेटने त्यात पडणारी भर थोडीच असेल. याउलट धातूंवर मुलामा देण्याच्या कामातून येणारे सहा संयुजेचे (हेक्झाव्हॅलंट) क्रोमियम आणि त्याचबरोबर आर्सेनिक हे विम्ल जमिनीत अधिक मोकळे फिरतात. ओढ्याच्या पाण्यात असे क्रोमियम येत असेल, तर सामू वाढवणारे कोणतेही द्रव्य जमिनीत ओतणे उलट बाधक ठरू शकते. अशा वेळी चांगले कुजलेले शेणखत हा बरा उपाय आहे, कारण सेंद्रिय पदार्थांमुळे हे क्रोमियम तीन संयुजेच्या, कमी घातक व जवळजवळ अचल रूपात बदलते. नेमका कोणता धातू आहे हे कळल्याशिवाय औषध ठरवू नये, असे मी म्हणतो ते यासाठीच.

किंबहुना आपल्या पालकाचे दुखणे धातूंचे आहे, हेही अजून सिद्ध झालेले नाही. कोवळी पाने शिरांच्या मध्ये पिवळी पडणे व शिरा हिरव्या राहणे हे लोहाच्या कमतरतेचे ठळक लक्षण आहे आणि चुनखडीयुक्त जमिनीत, विशेषतः पाणी साचून राहिले तर, ते आपल्याकडे जागोजागी दिसते. दहा-बारा रोपांवर ०.५ टक्के फेरस सल्फेटची, किंचित लिंबूसत्व मिसळून, संध्याकाळी फवारणी करून पाहावी. आठवड्याभरात नवी पाने हिरवी झाली तर लोह कमी पडत होते हे नक्की. मात्र त्यावरून धातू नाहीत असा निष्कर्ष काढू नये, कारण निकेल, तांबे व कॅडमियम यांचा अतिरेकही झाडाला लोह मिळू देत नाही. शेजाऱ्यांच्या बाटलीचे लेबलही एकदा वाचून पाहावे. तिच्यात सिलिकॉनबरोबर चिलेटेड (झाडाला सहज घेता येईल अशा बांधलेल्या रूपातील) लोह किंवा जस्त असेल, तर पालक कशाने हिरवा झाला हा प्रश्न तेथेच सुटेल.

म्हणून पहिला खर्च तपासणीवर करावा, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. मृद आरोग्य पत्रिकेसाठी होणारी नेहमीची माती तपासणी येथे पुरत नाही. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य अन्नद्रव्ये, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मँगनीज व बोरॉन हे बारा घटक असतात. कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल किंवा आर्सेनिक त्यात नसतात. ते वेगळे मागावे लागतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या मृदविज्ञान विभागाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून, धातूंची तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे नाव घ्यावे. प्रयोगशाळेला मातीतील एकूण धातूंबरोबर डीटीपीए या रसायनाच्या द्रावणाने निघणारे, म्हणजे पिकाला उपलब्ध होणारे धातूही मोजायला सांगावे. बेसाल्टच्या जमिनीत तांबे, निकेल व क्रोमियम मुळातच जास्त असतात. केवळ एकूण आकडा पाहिला तर प्रदूषण नसतानाही घाबरून जायला होते, आणि पिकाला प्रत्यक्ष किती मिळते ते कळतच नाही.

नमुना घेण्याची पद्धत येथे फार सांभाळावी लागते. लोखंडी खुरपे, जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पत्र्याचे घमेले वापरले तर त्यांचाच धातू नमुन्यात उतरतो. लाकडी उलथणे किंवा प्लास्टिकची खुरपी घ्यावी, वरच्या १५ सेंटीमीटर थरातील माती प्लास्टिकच्या टबमध्ये एकत्र करावी आणि स्वच्छ कागदावर सावलीत वाळवावी. एकच नमुना सगळ्या शेताचा करू नये. ओढ्याचे पाणी शेतात जेथे शिरते त्या चारीच्या तोंडाशी गाळ बसतो आणि धातूही तेथेच सर्वाधिक साठतात. म्हणून तोंडाकडचा, मधला आणि शेवटच्या वाफ्यांचा असे तीन नमुने वेगळे ठेवावेत. चौथा नमुना केवळ विहिरीच्या पाण्यावर भिजलेल्या तुकड्यातला घ्यावा, म्हणजे तुलना करता येईल. तोंडाकडून शेवटाकडे आकडे उतरत गेले आणि विहिरीकडचा तुकडा स्वच्छ निघाला, तर दोष पाण्याचाच आहे हे कागदावर येईल. शहराचे कंपोस्ट वापरत असाल तर तेही तपासून घ्यावे. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात दर किलोला कॅडमियम ५, क्रोमियम ५० व शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीतच, त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावा आणि शक्यतो दिवसाचा व रात्रीचा असे दोन नमुने द्यावेत, कारण सांडपाण्याचा प्रवाह सारखा नसतो. सिंचनाच्या पाण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने सुचवलेल्या मर्यादा दर लिटरला कॅडमियम ०.०१, क्रोमियम ०.१, निकेल ०.२ आणि तांबे ०.२ मिलिग्रॅम अशा आहेत. भाजीचे नमुने दोन प्रकारे द्यावेत : एक जसा तोडला तसा, दुसरा स्वच्छ पाण्याने तीनदा धुतलेला. शिसे मुळातून पानात फारसे चढत नाही. ते बहुधा धुळीने व उडालेल्या मातीने पानावर बसते. धुतल्यावर शिशाचा आकडा पडला, तर विहिरीच्या पाण्याने भाजी धुणे हा साधा उपाय कोणत्याही बाटलीपेक्षा सरस ठरेल.

तपासणीत जमिनीतील कॅडमियम किंवा निकेल थोडे वाढलेले आढळले आणि पाण्याची सोय बदलता आली, तर पूरक उपाय म्हणून सिलिकॉन वापरून पाहण्यास माझी हरकत नाही. ते ठिबकमधून मुळांशी द्यावे. पानावर फवारलेले सिलिकॉन बहुतांशी पानावरच राहते. मुळाशी धातू अडवण्याचे काम त्याच्याकडून क्वचितच होते. द्रवरूप पोटॅशियम सिलिकेट यासाठी सोयीचे आहे. धातूंच्या ताणावरील बहुतेक प्रयोगांत मुळांभोवतीच्या पाण्यात दर लिटरला २८ ते ५६ मिलिग्रॅम सिलिकॉन ठेवलेले असते. याचा हिशेब असा बसतो : एका पाळीत एकरी १०,००० लिटर पाणी दिले आणि लिटरला २८ मिलिग्रॅम सिलिकॉन ठेवायचे म्हटले, तर २८० ग्रॅम सिलिकॉन, म्हणजेच सुमारे ६०० ग्रॅम सिलिका लागते. बाटलीवर सिलिका २० टक्के लिहिलेले असेल तर ते द्रव ३ किलो झाले. लेबलवरील टक्केवारी सिलिकाची आहे की सिलिकॉनची, हे पाहूनच हिशेब करावा, नाहीतर मात्रा दुपटीने चुकते. खत नियंत्रण आदेशाखालील नोंद आणि घटकांचे प्रमाण न छापलेली बाटली घेऊ नये व पक्क्या पावतीशिवाय तर मुळीच घेऊ नये.

पोटॅशियम सिलिकेट तीव्र अल्कधर्मी असते आणि आपल्याकडचे विहिरीचे पाणी जड असते, त्यामुळे ठिबक तुंबण्याचा धोका खरा आहे. संचात सोडण्यापूर्वी पारदर्शक काचेच्या बाटलीत आपलेच एक लिटर पाणी घ्यावे, वरच्या हिशेबाप्रमाणे ०.३ ग्रॅम, म्हणजे काही थेंब द्रव त्यात टाकावे, ढवळावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी पाणी गढूळ दिसले, तळाशी पांढरा साका बसला किंवा बाटलीच्या कडेला जेलीसारखा थर आला, तर ते ठिबकमधून देऊ नये. झाडाच्या बुंध्याशी आळवणी करावी. कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट, सूक्ष्म अन्नद्रव्ये, फॉस्फरिक आम्ल किंवा कीडनाशक यांच्याबरोबर ते एका टाकीत कधीही मिसळू नये. हाताळताना रबरी हातमोजे व चष्मा वापरावा, कारण दाट द्रव त्वचेला व डोळ्यांना इजा करते.

एकदम सगळ्या शेताला देण्याऐवजी दोन ओळी द्याव्यात, दोन सोडाव्यात, अशा आलटून-पालटून पट्ट्या ठेवाव्यात आणि काढणीच्या वेळी दोन्ही पट्ट्यांतील धुतलेली फळे किंवा पाने तपासायला पाठवावीत. धातूचा आकडा खरोखर उतरला असेल तरच पुढच्या हंगामात खर्च करावा.

स्वस्त सिलिकॉन म्हणून सुचवल्या जाणाऱ्या काही वस्तूंबद्दल मात्र स्पष्ट नकार देतो. पोलाद कारखान्यातील मळी (स्लॅग) सिलिकेटयुक्त असली तरी तिच्यात क्रोमियमसारखे धातू असू शकतात, आणि औष्णिक वीज केंद्राच्या राखेतही सिलिका भरपूर असली तरी ती बरीचशी काचेसारखी अविद्राव्य असून सोबत आर्सेनिक व शिसे आणते. धातूंनी त्रासलेल्या भाजीच्या शेतात या दोन्हींना जागा नाही. साखर कारखान्याच्या बगॅसची राख त्यामानाने बरी. पण तीही अल्कधर्मी असल्याने चोपणाकडे (सोडियम वाढून घट्ट झालेल्या जमिनीकडे) झुकलेल्या जमिनीत टाकू नये. आपल्या घरी ज्वारीचा कडबा किंवा गव्हाचे काड उरत असेल, तर ते जाळण्यापेक्षा शेणात कुजवून जमिनीत घालावे. तृणधान्यांच्या काडात साठलेली सिलिका वाळूपेक्षा लवकर विरघळते आणि सोबत सेंद्रिय कर्ब मिळतो. मात्र ओढ्याच्या पाण्यावर वाढलेल्या चाऱ्याचे काड यासाठी घेऊ नये.

सिलिकॉनपेक्षा अधिक फरक पडेल तो पीक बदलण्याने. कॅडमियम सर्वाधिक साठते पालेभाज्यांत. मुळा, गाजर, बीट यांत बऱ्यापैकी. फळभाज्यांत कमी आणि शेंगवर्गीय व वेलवर्गीय भाज्यांत आणखी कमी. म्हणून चारीच्या तोंडाकडील वाफ्यांतून पालक, मेथी व कोथिंबीर पूर्ण हलवावी आणि तेथे दोडका, काकडी, गवार किंवा चवळी घ्यावी. काकडी व दोडका ही वेलवर्गीय असल्याने सिलिकॉनचा उपयोग व्हायचाच असेल तर या पिकांवरच होण्याची शक्यता जास्त आहे. वांगी सोडायची नसतील तर सोलॅनम टॉर्व्हम या जंगली वांग्याच्या खुंटावर केलेली कलमी रोपे मिळतात का पाहावे. या खुंटावर वांग्याच्या फळात कॅडमियम बरेच कमी उतरते, असे जपानमधील प्रयोगांत आढळले आहे. अहवालात आकडे फार वर असतील तर तेवढ्या पट्ट्यात खाण्याचे पीकच घेऊ नये. फुलझाडे किंवा कापूस घ्यावा. विहिरीचे जे थोडे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवता येईल ते पालेभाजीच्या लहान तुकड्यासाठी राखावे. सांडपाण्यातील रोगजंतूंचा धोका धातूंहून वेगळा आहे आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीला तो सर्वांत जास्त आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

पाण्याच्या नमुन्यात धातू मर्यादेबाहेर निघाले तर तो अहवाल घरात ठेवू नका. ओढ्याकाठी आपल्यासारखे इतरही शेतकरी असणार. सर्वांनी मिळून ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि अहवालाची प्रत जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. जलप्रदूषणाविरुद्धचा १९७४ चा कायदा याचसाठी आहे, आणि वरून येणारा धातू थांबला नाही तर शेतात केलेला कोणताही उपाय दरवर्षी नव्याने करावा लागेल.

सध्या उभा असलेला पालक अहवाल येईपर्यंत बाजारात नेऊ नये आणि घरातही शिजवू नये, विशेषतः लहान मुले व गरोदर स्त्रिया असलेल्या घरात. एका तोडणीचे नुकसान आपल्याला जड जाईल याची मला जाणीव आहे, तरीही हेच सांगावे लागेल. अहवालात धातू जास्त निघाले तर तो पालक उपटून बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नये, जनावरांनाही घालू नये. उकिरड्यातून तोच धातू पुढच्या वर्षी दुसऱ्या वाफ्यात पोचतो. अहवाल हाती आला की मातीचा सामू, चुनखडीचे प्रमाण, डीटीपीए धातूंचे आकडे आणि पाण्याचे दोन्ही अहवाल या सदराच्या पत्त्यावर पाठवावेत. त्यावरून कोणत्या वाफ्यात काय घ्यावे आणि सिलिकॉनवर पैसे घालावेत की नाही, हे नेमके सांगता येईल.